उलटा उमटलेला ‘द’

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तू आप्पाआजोबांची सोन्याची अंगठी मातीच्या गोळ्यावर दाबलीस आणि विचारलेस, "आई, ‘द’ उलटा उमटतो. मग ही खोटीच मोहोर ना? आणि शेतकऱ्याला मोहोर कशाला हवी होती?" मी हसून विषय बदलला, कारण दुसरा प्रश्न मला लागला होता.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मोहोरेच्या अंगठीवर अक्षरे मुद्दाम उलटी कोरतात, म्हणजे लाखेवर किंवा मेणावर ती सुलटी उमटतात. रोमन लोक अशा अंगठीने पत्रे बंद करीत. पोपच्या मृत्यूनंतर त्याच्या अंगठीची मोहोर निकामी केली जाते, कारण मोहोर म्हणजे त्या माणसाचा शब्द, आणि तो त्याच्यामागे दुसऱ्याने वापरायचा नसतो. आपल्याकडे शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा मोर्तबाचा शिक्का असे. मजकूर तेथे संपला, असा त्याचा अर्थ. तुझी आजी लग्न ठरले की ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणते, ते यातूनच आले आहे.

आप्पांचा ‘द’ मात्र सुलटा आहे, आणि त्यात जळगावच्या सराफ बाजारातल्या सोनाराची चूक नाही. ही अंगठी कागदावर उमटवण्यासाठी नव्हतीच. ती समोरच्याला दिसावी म्हणून होती.

आप्पांना लिहिता येत नसे. सोसायटीत कर्जाच्या कागदावर ते डाव्या हाताचा अंगठा उठवीत, तेव्हा अंगठी घातलेला उजवा हात समोरच्या मेजावर ठेवलेला असे. घरी आल्यावर ते ओट्यावर बसून राखेने अंगठा घासत आणि मी लोट्याने पाणी घालत असे. शाई पूर्ण निघेपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द मी त्या वयात शाळेत ऐकला आणि घरी हसत हसत म्हटला. त्याची लाज मला अजून वाटते.

जानेवारी १९६३ मध्ये सरकारने १४ कॅरेटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडवण्यास बंदी घातली. त्याच्या आदल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, कपाशीचे पैसे हातात असताना, आप्पांनी ही अंगठी करवून घेतली होती. त्यामुळे ‘बावीस कॅरेटची आहे’ हे प्रत्येक पाहुण्याला ऐकावे लागे. तू याला दिखावा म्हणशील, आणि मला ते सरळ खोडून काढता येत नाही, कारण १९७२ च्या दुष्काळात आजीच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या परत आल्या नाहीत, आणि अंगठी मात्र आप्पांच्या बोटातच राहिली. आजीने हे मला तक्रार न करता सांगितले होते. मी तिच्या जागी असते तर तक्रार केली असती.

इंग्लंडमध्ये अशी अंगठी बहुधा करंगळीत घालतात. आप्पा अनामिकेत घालत. ज्या बोटाला नाव नाही, त्यावर त्यांनी आपल्या नावाचे अक्षर मिरवले. त्या अक्षराची ओळख त्यांना एवढीच होती.

तू ती घालावीस, असा माझा आग्रह नाही. मातीचा कण ‘द’च्या शेपटीत अडकला आहे, तो मऊ ब्रशने काढ. टाचणी लावू नकोस. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते.

तुझी आई