फ्रीजरमधले बांगडे काढले आणि हात झिणझिणले

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता दर तीन आठवड्यांनी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेऊन शिरेतून ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध देतात आणि घरी १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतात. गेल्या डोसनंतर त्यांनी फ्रीजरमधले बांगडे बाहेर काढले, तर बोटांत करंट बसल्यासारखं झालं. गार सोलकढी प्यायल्या आणि घसाच आवळला, श्वास लागेना. आम्ही फार घाबरलो. त्यात मी पाच महिन्यांची गरोदर आहे. शेजारच्या बायका सांगतात, सासूच्या खोलीत जाऊ नकोस, त्यांच्या कपड्यांना शिवू नकोस. काय करू?
— एक सून, डिचोली

उत्तर : ताई, खोलीत खुशाल जा. त्यांच्याजवळ बसा, हात हातात घ्या, शेजारी बसून जेवा. त्याने बाळाला काही होत नाही. सासूबाईंना या दिवसांत कोणी वाळीत टाकल्यासारखं वागवू नये, हे मला फार कळकळीने सांगायचंय. केमोच्या वॉर्डात नर्स म्हणून काम करताना औषधापेक्षा या तुटकपणानेच खचलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मात्र कपड्यांच्या बाबतीत शेजारणींचं थोडं खरं आहे. औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो. म्हणून संडास साफ करणं, उलटीचं भांडं धुणं, भरलेले कपडे भिजवणं ही कामं तुम्ही करू नका. नवऱ्याला सांगा. त्याने हातमोजे घालावेत, ते कपडे वेगळे धुवावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश करावं. नुसतं सलाईनमधून औषध असतं तर ही काळजी ४८ तास पुरली असती. तुमच्याकडे गोळ्याही आहेत, म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर दोन दिवस ती पाळा. त्या गोळ्याही तुम्ही हातात घेऊ नका, आणि कोणीही त्या तोडू किंवा कुटू नयेत.

आता थंडीचं. ऑक्सॅलिप्लॅटिन नसांना चाळवतं. डोसनंतर काही तासांतच हात, पाय, ओठ आणि घसा यांना गार सोसेनासं होतं. बहुतेकांचं हे काही दिवसांत ओसरतं आणि पुढच्या डोसला पुन्हा येतं. घसा आवळतो तेव्हा श्वास कोंडल्यासारखा वाटतो, पण बहुधा श्वासनलिका बंद झालेली नसते. माणसाला उबेत बसवा, कोमट पाणी घोटघोट द्या. थोड्या वेळात सुटलं नाही, अंगावर पित्त उठलं, तोंड सुजलं किंवा खरीच धाप लागली, तर ती ॲलर्जी असू शकते. ती चार-पाच डोस नीट गेल्यावरही येऊ शकते. अशा वेळी घरी अंदाज बांधत बसू नका, १०८ ला फोन करा. सुटलं तरी पुढच्या डोसआधी डॉक्टरांना हे सांगायचंच.

डोसनंतरचे पहिले पाच-सहा दिवस तरी फ्रीजचं दार त्यांनी उघडूच नये. मासळी दुसऱ्या कोणीतरी धुवावी, बर्फातली तर नक्कीच. सोलकढी, शहाळं, ताक सगळं फ्रीजबाहेरचं. घरात फरशीवर चप्पल. परतताना गाडीतला एसी बंद, आणि स्कूटरवरून नेत असाल तर नाकातोंडावर ओढणी. तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळा, असा सल्ला काही केमोंत देतात. या औषधासोबत तो चालत नाही. सुईच्या जागी जळजळलं किंवा सूज आली तर बाटली संपायची वाट न पाहता सिस्टरना हाक मारायची. तिथेही बर्फ लावायचा नाही.

गाराने येणाऱ्या झिणझिण्या जातात. मला काळजी वाटते ती न जाणाऱ्या बधिरपणाची. डोस वाढत जातात तसा तो साचत जातो. पुढच्या तारखेपर्यंतही बोटं सुन्न राहिली, तर डॉक्टर डोस कमी करतात, लांबवतात किंवा हे एक औषध थांबवून बाकीचे उपचार चालू ठेवतात. पण त्यासाठी त्यांना कळायला हवं. आमच्याकडे एक बाई होती, अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, विणून विकायची. विचारलं की म्हणायची, "सगळं बरं आहे." एके दिवशी मी तिच्या हातात सुतळी दिली, तर तिला गाठ मारता येईना. केमो बंद करतील या भीतीने ती गप्प राहिली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी डोस बदलला. म्हणून "मुंग्या येतात का?" एवढंच विचारू नका. ब्लाउजचे हूक लागतात का, सुईत दोरा जातो का, चालताना पायातली चप्पल निसटते का, हे बघा आणि वहीत लिहा. औषध संपल्यावरही काही महिने हा बधिरपणा वाढू शकतो, तेव्हा वही लगेच बंद करू नका. बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून पेजेचं गरम भांडं त्यांना उचलायला देऊ नका.

जुलाब दिवसाला चार-पाच वेळा वाढले तर कॅपेसिटाबिनची पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. आणि ताप. साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा साधा संसर्गही जिवावर बेततो. घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला की आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबायचा नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. रात्री दोनला आला तर रात्री दोनला निघायचं, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही.