जुन्या ड्रम मशीनमधली गाणी मिडीने संगणकावरच्या ड्रम सॉफ्टवेअरमध्ये कशी न्यावीत?

तुमच्या ॲलेसिस एसआर-१६ मध्ये बरीच गाणी बसवलेली आहेत आणि ती आता ईझीड्रमर या ड्रम सॉफ्टवेअरच्या आवाजात हवी आहेत, असं तुम्ही विचारलंय. हे नक्की होतं, एकही पॅटर्न (ठेक्याचा तुकडा) पुन्हा हाताने भरावा लागत नाही. फक्त याला फाइल कॉपी करण्यासारखं समजू नका. मशीनमधून सिसेक्स डंप, म्हणजे त्याच्या मेमरीची प्रत, काढता येतो, पण तो त्या मशीनमध्येच परत भरण्यासाठी असतो. ड्रम सॉफ्टवेअरला त्यातला ठेका कळत नाही. म्हणून गाणं मशीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं आणि मिडी आउटमधून (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यात नोट्सचे संदेश पाठवायची पद्धत) येणाऱ्या नोट्स रीपर, क्यूबेस, जे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल त्यात रेकॉर्ड करायच्या. चार मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटं लागणारच.

मशीनचं आउट मिडी इंटरफेसच्या (मशीन संगणकाला जोडणाऱ्या डबीच्या किंवा केबलच्या) इनला जोडा, इंटरफेसचं आउट मशीनच्या इनला. स्वस्त यूएसबी केबलवर इन-आउट कुठल्या बाजूने लिहिलंय याचा भरवसा नसतो. काहीच येत नसेल तर दोन्ही टोकं बदलून बघा, त्याने काही बिघडत नाही.

टेम्पो संगणकाच्या ताब्यात ठेवा. मशीनच्या मिडी सेटिंगमध्ये बाहेरचं क्लॉक (वेग सांगणारे मिडी संदेश) चालू करा आणि संगणकाकडून क्लॉक पाठवा. दर क्वार्टर नोटला २४ पल्स जातात आणि मशीन त्यांच्या मागे चालतं. मशीनला स्वतःच्या टेम्पोवर सोडलंत तर नोट्स येतील, पण बार सॉफ्टवेअरमधल्या ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या रेषांवर, बसणार नाहीत आणि पुढचं एडिटिंग नकोसं होईल. गाण्यात मध्येच टेम्पो बदलत असेल तर तो बदल संगणकातल्या टेम्पो ट्रॅकवर आधीच लिहा, कारण बाहेरच्या क्लॉकवर मशीन स्वतःचा टेम्पो बाजूला ठेवतं. शिवाय गाण्याच्या सुरुवातीला एक रिकामा पॅटर्न घाला. स्टार्टचा संदेश पोचतो त्या क्षणी पहिली किक मागेपुढे होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आलेल्या नोट्स परत मशीनकडे जात नाहीत ना, तेही बघा. तसं झालं तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

खरं काम इथून पुढे आहे. मिडीतून आवाज येत नाही, नोटचा क्रमांक येतो. जनरल मिडीच्या पद्धतीत ३६ म्हणजे किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट, ४६ उघडा, ४९ क्रॅश, ५१ राइड. पण बऱ्याच मशीनमध्ये क्रमांक पॅडला दिलेला असतो, त्या पॅडवरच्या आवाजाला नाही. एका किटमध्ये (आवाजांच्या संचात) ज्या पॅडवर काउबेल आहे, त्याच पॅडवर दुसऱ्या किटमध्ये टॉम असेल, तर रेकॉर्डिंगमध्ये दोन्हींची नोट एकच दिसेल. म्हणून प्रत्येक किटचा एकेक पॅड वाजवून कोणता क्रमांक येतो ते वहीत लिहून काढा आणि तो ईझीड्रमरमधल्या योग्य आवाजाला जोडा, यालाच मॅपिंग म्हणतात. काम कंटाळवाणं आहे, पण ते केलं की उरलेली सगळी गाणी भराभर सुटतात. किट बदलणाऱ्या गाण्यात तो बदल कुठल्या बारला आहे तेही टिपा आणि तिथे ट्रॅक कापून दोन्ही तुकडे वेगवेगळे मॅप करा.

व्हेलॉसिटीकडे, म्हणजे ठोक्याचा जोर सांगणाऱ्या १२७ पर्यंतच्या आकड्याकडे, मात्र कानाने बघा. जुन्या मशीनवर १२७ जोराचा स्नेअर चांगला वाटायचा. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा सगळ्यात जोरात मारलेलं सॅम्पल उचलतो आणि दर ठोक्याला तेच झालं की वाजवणारा रागावलाय असं वाटतं. मी स्नेअर साधारण ९५ ते ११० मध्ये आणतो, घोस्ट नोट्स (अगदी हलके ठोके) ४० च्या खाली ठेवतो. हायहॅटवर याहून जास्त वेळ घालवा, कारण गाण्यातला जिवंतपणा तिथेच सापडतो.

नोट्स ग्रिडवर ओढून बसवणारं क्वांटाइझचं बटण लगेच दाबू नका. तुम्ही पॅटर्नमध्ये स्विंग (ठोक्यांची मुद्दाम ठेवलेली लचक) टाकला असेल तर तो सोळांशाच्या ग्रिडवर सपाट होऊन जाईल. सगळा ट्रॅक सारख्याच अंतराने मागे पडलेला दिसला तर तो अख्खा तेवढाच डावीकडे, म्हणजे लवकर येईल असा, सरकवा, बस.

आणि मॅपिंगच्या आधी सगळ्याच गाण्यांचं कच्चं रेकॉर्डिंग उरकून घ्या. मशीनची मेमरी आतल्या बॅटरीवर टिकते. ती संपली की तुमचे पॅटर्न जातात, आणि इतक्या जुन्या मशीनमध्ये ती कधी संपेल हे आधी कळत नाही. सिसेक्स डंपही त्याच दिवशी काढून ठेवा.