थंडीत गोल्फ शिकावं का? सात नंबरच्या क्लबने चेंडू वीस-पंचवीस यार्ड कमी जातोय

खेळा की, उन्हाळ्याची वाट कशाला बघता. साताऱ्याची थंडी ती केवढी, पहाटे दहा-बारा अंश आणि अकरा वाजता स्वेटर कमरेला. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य, "एका जुन्या खेळाडूने सांगितलंय की थंडीत जोर जास्त लावायचा", ते वाचून डोकं सणकलं. हेच वाक्य मी नऊ वर्षं घरात ऐकतोय.

आमचे दाजी फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. गोल्फ तिकडे उत्तरेत छावणीत शिकले आणि कोरेगावकडे गावी परतले ते क्लबांचा, म्हणजे चेंडू मारायच्या दांड्यांचा, अर्धा सेट घेऊनच. गावात कोर्स कुठला? शेरडं चरतात त्या वरच्या माळावर दोन काठ्या रोवल्या आणि मला म्हणाले, "या मेव्हणं, शिकवतो तुम्हाला." जानेवारी महिना. साडेसहाला गवतावर एवढं दव की कॅनव्हासच्या बुटात पाय बधिर. मी सात नंबर धरला. मागनं दाजी, "आरं, थंडीत चेंडू झोपलेला असतो. दणका दे!" दिला. चेंडूच्या टाळूवर लागला, तो दहा पावलं सरपटला आणि माझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत अशा झिणझिण्या आल्या की क्लब टाकून हात काखेत घालून उभा राहिलो. "आणखी जोरात," दाजी. असे चाळीस चेंडू. त्यातले अकरा वाळल्या गवतात गेले ते गेलेच. मोज्यांतली कुसळं मी दुपारपर्यंत काढत होतो.

दुसऱ्या दिवशी दाजींनी वेगळंच काढलं. आक्काने अंघोळीला बंब पेटवला होता. त्यातलं कढत पाणी पातेल्यात घेऊन सहा चेंडू त्यात सोडले. आक्का म्हणाली, "रस्सा करायचाय का ह्यांचा?" दहा मिनिटांनी ते खिशात टाकून माळावर. फरक शून्य. रबर उष्णता लवकर आत घेत नाही. वरनं करपलेली आणि आत कच्ची राहिलेली भाकरी असते ना, तसे ते चेंडू. शिवाय मुद्दाम तापवलेला चेंडू मारला तर नियमाप्रमाणे स्पर्धेतून थेट बाद. मी नियम काढून दाखवला. दाजी म्हणाले, "पुस्तकवाल्यांनी थंडी कुठं बघितलीय?" हे नियम करणाऱ्या दोन संस्थांपैकी एक स्कॉटलंडमध्ये, सेंट अँड्र्यूजला बसते. तरी गप्प बसलो, ते पडले जावई माणूस.

आता तुमचं. गार चेंडू कमी उसळतो आणि गार हवा दाट असते हे खरं. पण दुपार आणि पहाटेत पंधरा अंशांचा फरक धरला तरी सात नंबरवर चार-पाच यार्ड जातील. बाकीचे तुमच्या अंगात अडकलेत. जाड जॅकेटमध्ये खांदे फिरत नाहीत, पाठ उघडलेली नसते, आणि हाताला झणका बसेल या भीतीने मूठ आवळली जाते. त्यात जोर लावला की चेंडू टाळूवर लागणारच. सात नंबरच्या जागी सहा घ्या, नंबर कमी तेवढा चेंडू लांब जातो, आणि स्विंग आहे तेवढाच ठेवा, जमलं तर आणखी सावकाश. बिनबाह्यांचा स्वेटर घाला. आधी वीस मिनिटं झपाझप चाला. प्रत्येक फटक्याआधी क्लबचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा, खाचांत पाणी राहिलं तर चेंडूला फिरकी कमी मिळते. चेंडू रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात ठेवा. तेवढं नियमात चालतं. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दवामुळे पट (भोकाकडे ढकललेला चेंडू) हळू जातो म्हणून वाटेतलं दव पुसायला मात्र जाऊ नका, त्याला मनाई आहे.

हेच मी दाजी नसताना तिसऱ्या आठवड्यात केलं आणि सहा नंबरने पलीकडची काठी गाठली. सांगितलं तर म्हणाले, "लांब जाणारा क्लब घेतला म्हणजे हार मानली." अर्धा किलो कंदी पेढ्यांची पैज लागली होती, ती त्यांनी अजून दिलेली नाही.

तुम्हाला जोर लावायला सांगणाऱ्या त्या ज्येष्ठांना एकदा विचारा, त्यांचा कोपर कसा आहे. माझा डावा त्या जानेवारीपासून दुखतोय. डॉक्टरांनी सहा आठवडे क्लबला हात लावू दिला नव्हता. तसा मी दिवसभर ऑफिसात माउस धरून बसतो, तर सगळा दोष दाजींचा म्हणता येणार नाही. आणि हेही सांगायला हवं, माझा हँडिकॅप सव्वीस आहे, त्यांचा चौदा, आणि तो जितका कमी तितका खेळाडू चांगला. गेल्या रविवारीही त्यांनी मला हरवलं. पण दुपारी. ऊन होतं.