वाऱ्याच्या डोंगरावर बर्फ धोक्याचा आहे हे कसं ओळखायचं?

सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, आता बोस्टनला आहात आणि मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या टकरमन रॅव्हिन या घळीत स्की घेऊन जायचंय. तिथे हिमस्खलनाचा धोका जागेवर कसा ओळखायचा, असं तुम्ही विचारलंय. मी सात हिवाळे तिथे जातोय, म्हणून लिहितो.

आपण सगळे आधी बर्फ किती पडला ते बघतो. या डोंगरावर आधी वारा बघा. उंची १,९१७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा फार जास्त नाही, पण एप्रिल १९३४ मध्ये माथ्यावर ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेलाय. हिवाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो, माथ्याजवळच्या उघड्या पठारांवरचा बर्फ खरवडतो आणि पूर्वेच्या टकरमन, हंटिंग्टन या घळींमध्ये नेऊन टाकतो. त्यामुळे वर स्वच्छ ऊन असलं तरी घळीत बर्फ साचत राहतो. वाऱ्यात आपटून कण फुटतात, बारीक होतात, एकमेकांत गच्च बसतात आणि त्यांची लादी तयार होते. खालचा थर कच्चा असेल तर अख्खी लादी तुमच्या वजनाने सुटते.

मागे एकदा फेब्रुवारीत दोन दिवसांपूर्वी जेमतेम १० सेंटीमीटर बर्फ पडला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. घळीखालच्या हर्मिट लेकपर्यंत चढून वर बघितलं, तर घळीच्या ओठावरून बर्फाची पांढरी शेपटी सतत खाली झेपावत होती. थोडं पुढे गेल्यावर पायाखालचा बर्फ बदलला. खडूसारखा पांढरा, गुळगुळीत, आणि स्की पोल टेकवला की मडक्यावर टिचकी मारल्यासारखा पोकळ आवाज. पोल दाबला तर वर घट्ट, मग एकदम भस्सकन आत. मित्राच्या स्कीच्या टोकापासून हातभर लांब भेग पळत गेली. त्या भेगेनंतर चर्चा करायची नसते. वळलो आणि जंगलातल्या शेरबर्न ट्रेलने खाली आलो.

वारा कुठून आला हे दगडही सांगतात. गोठलेल्या धुक्याचे पिसांसारखे तुरे त्यांच्यावर असतात, ते वाऱ्याकडे तोंड करून वाढतात. म्हणजे धोका त्यांच्या पाठीमागच्या उतारावर. उतार मोजायला फोनवरचं अ‍ॅप चालतं; ३० ते ४५ अंशांत लादी सर्वाधिक सुटते. खड्डा खणून थर बघायला जरूर शिका, पण इथे लादीची जाडी दहा पावलांवर बदलते. खड्ड्यात काही वाईट दिसलं तर ऐका; चांगलं दिसलं म्हणून वर जाऊ नका.

निघायच्या दिवशी सकाळी माउंट वॉशिंग्टन अ‍ॅव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज पूर्ण वाचा, नुसता आकडा नको. धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी बघून लोक ‘मधलीच तर आहे’ म्हणतात. त्या पातळीला माणसाच्या वजनाने हिमस्खलन होण्याची शक्यता चांगलीच असते. मी त्या दिवशी घळीत पाय ठेवत नाही, आणि तुम्ही तर पहिल्यांदाच जाताय. घळीच्या तळाशी बसून डबा खाणंही टाळा, वरून सुटलेलं सगळं तिथेच येतं.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारं, अंगावर बांधायचं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची आशा मोठी असते, नंतर ती झपाट्याने घसरते. खालून मदत यायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो, म्हणजे तुम्हाला काढणारे तुमच्या सोबतचेच असणार. म्हणून एकट्याने जाऊ नका, आणि निघण्याआधी पायथ्याच्या पिंकहॅम नॉचच्या पार्किंगमध्ये एक ट्रान्सीव्हर बर्फात पुरून सगळ्यांनी तो आळीपाळीने शोधून काढा.