खुन्याचा ‘मागमूस लागला’?

सोलापूरच्या साखर पेठेतून एका वाचकांनी विचारलंय: ‘डीएनए तपासणीमुळे चाळीस वर्षांनी खुन्याचा मागमूस लागला, असं बातमीत वाचलं आणि खटकलं. हा प्रयोग बरोबर आहे का? आणि मागमूसमधला मूस म्हणजे काय?’

बरोबर नाही. मागमूस या शब्दाला नकार लागतोच. चोराचा मागमूस नाही. मृग संपत आला तरी पावसाचा मागमूस नाही. दागिन्यांचा मागमूस लागला नाही. होकारार्थी वाक्यात हा शब्द उभाच राहत नाही. तरी गेलं वर्षभर ‘मागमूस लागला’ मी वाचतोय, व्याख्यानांत ऐकतोय. परवा सिद्धेश्वर तळ्याकाठी फिरताना एका निवृत्त शिक्षकांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मात्र थांबून दुरुस्त केलं. खुनाचा छडा लागतो, तपास लागतो, खुनाला वाचा फुटते. खुन्याचा माग लागतो. एवढे शब्द हाताशी असताना मागमुसाला वेठीला कशाला धरायचं?

आता माग. मार्ग म्हणजे रस्ता हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्याच्या आधी मार्ग म्हणजे मृगाची वाट. मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे, रानातलं कुठलंही जनावर. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि वानर शाखामृग. जनावर गेलं, गवत दबलं, ओल्या मातीत खूर उमटले, त्या खुणा धरून शिकारी निघाला: तो मार्ग. प्राकृतात त्याचा मग्ग झाला, मराठीत माग. आपलं ‘मागे’ याच कुळातलं, कारण माग धरणारा मागूनच जातो. ‘मागणं’सुद्धा मुळात शोधणंच. कुणी कुणी मार्ग हा शब्द मृज् म्हणजे पुसणे या धातूतून काढतात, पावलांनी पुसून स्वच्छ झालेली वाट म्हणून. मला हे अजिबात मान्य नाही. पुसलेल्या जागी माग सापडेल कसा? संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स यांनीही बहुतेक अर्थांसाठी मृगच धरला आहे.

माग काढणं ही आपल्या मुलखात नुसती कला नव्हती, ती गावाची जबाबदारी होती. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी या प्रदेशाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराची रीत आली आहे. चोरी झाली की त्यानं पावलांवरून माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला आणि तिथल्या रखवालदाराची खात्री पटवली, की हा मोकळा. पुढचा माग त्या गावानं काढायचा.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या खुन्याचा तपास मला या रीतीसारखाच वाटतो. त्याचे गुन्हे १९७० आणि ८०च्या दशकांतले. गुन्ह्याच्या जागचा नमुना जपलेला होता, डीएनए काढलेला होता, पण पोलिसांच्या यादीत जुळणारं कुणी नव्हतं. तपास करणाऱ्यांनी तो डीएनए जीईडीमॅच या संकेतस्थळावर टाकला. नातलग शोधायला लोक आपणहून आपली माहिती तिथे देतात. खुनी तिथे नव्हता. सापडले ते त्याचे फार लांबचे भाऊबंद, ज्यांचं आणि त्याचं मूळ खापरपणजोबांच्याही वरच्या पिढीत एक होतं. मग तिथून जन्माच्या नोंदी, लग्नं, जुनी वर्तमानपत्रं चाळत एकेक फांदी खाली उतरायचं. एप्रिल २०१८मध्ये पोलीस ७२ वर्षांच्या एका माजी पोलिसापर्यंत पोचले. मोटारीच्या दाराच्या मुठीवरचा आणि कचऱ्यात टाकलेल्या कागदी रुमालावरचा डीएनए जुळला, आणि त्याला अटक झाली. एका घराण्याच्या शिवेपर्यंत माग आणायचा, पुढे दुसऱ्या घराण्यात तो उचलायचा. आणि मागमूस नव्हताच असं इथे कुठे होतं? माग इतकी वर्षं कपाटात जपलेला होता, काढणारे यायचे होते.

सोलापुरात मात्र माग म्हटलं की कान आधी खटखटीकडे जातात. हातमाग, यंत्रमाग. हा माग वेगळा, याचा मृगाशी काही संबंध नाही. कन्नडमध्ये मग्ग, तेलुगूत मग्गम्, दोन्हींचा अर्थ विणायचं यंत्र. आमच्या शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या आजी माझ्याशी मराठीत बोलताना ‘माग’ म्हणतात आणि तोंड वळवून सुनेशी बोलताना ‘मग्गम्’. माझे एक प्राध्यापक मित्र धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, येतो-जातो तो मार्ग, असं म्हणून याही मागाला मार्गातच कोंबतात. चूक आहे. प्राकृत मग्ग आणि कन्नड मग्ग कानाला एक लागले म्हणून सख्खे होत नाहीत. इथेही भाऊबंदच विचारायला हवेत. वाटेच्या अर्थाचा मग हिंदीतही आहे, पण विणायचं यंत्र म्हटलं की हिंदीत करघा आणि गुजरातीत साळ. यंत्राचा माग मार्गातून आला असता तर उत्तरेकडे त्याचं एखादं तरी भावंड दिसलं असतं. दिसतं ते सगळं कानडी-तेलुगू शेजारात. मराठीनं तो कन्नडमधून घेतला, हे माझं पक्कं मत आहे, आणि कर्नाटकच्या सीमेजवळच्या अक्कलकोटच्या बाजारात अर्धा दिवस काढलेल्या कुणालाही त्याचं नवल वाटू नये.

मूस राहिला. शेजारीपाजारीतला पाजारी जसा, तसाच तो नुसता जोडीला आलेला, असं मी धरतो. धातू ओतायच्या मुशीशी त्याचं नातं लावणारे भेटतात. मुशीत ठसा उतरतो हे खरं, पण मागमूस शब्द वापरणाऱ्या कुणाच्या मनात सोनाराचं दुकान येत असेल, असं मला वाटत नाही.