फर्निचर यायच्या आधी ऑफिसातल्या हवेची तपासणी उरकली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय: जुन्या इमारतीतला मजला फोडून नवीन ऑफिस केलं, लीड (LEED, पर्यावरणपूरक इमारतींचं मानांकन) सर्टिफिकेटसाठी हवेची तपासणी हवी, फर्निचर पंधरा दिवसांनी येतंय आणि कन्सल्टंट म्हणतोय की रिकाम्या हॉलमध्येच सॅम्पल घेऊन टाका, नाहीतर फ्लश-आउट करा, म्हणजे बाहेरची हवा भरपूर सोडून आतली धुऊन काढा. रिकाम्या हॉलमध्ये नका घेऊ. असं सॅम्पल मी स्वतः एकदा घेतलंय आणि ते मला आजही सलतं.

२०१४ चा पावसाळा. पुण्यातली जुनी इमारत, चौथा मजला, साधारण १२,००० चौरस फूट. मी लॅबमध्ये नवखी होते. रंग झालेला, कार्पेट टाकलेलं, दारं लागलेली. टेबलं, पार्टिशनं, कपाटं मात्र एकही नाही. मी स्टँडवर पंप बसवला, हवेतला वायू पकडणारी नळी, म्हणजे कार्ट्रिज, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर आणलं आणि साहेबांना फोन लावला, की सर, फर्निचर आल्यावर येऊ या. ते म्हणाले, "लीडची २००९ ची आवृत्ती वाच. टेबलं असली तर बरं, पण सक्ती नाही. चार तास पंप चालव आणि नीघ." नियम खरंच तसा होता. मी सॅम्पल घेतलं. फॉर्माल्डिहाइड हा डोळे-घशाला झोंबणारा वायू १४ पीपीबी (अब्ज भागांत १४ भाग) आला, मर्यादा २७. सगळे खूश.

दीड महिन्याने तिथूनच फोन. रिसेप्शनवरच्या मुलीचे डोळे सकाळी दार उघडलं की चुरचुरायचे, घसा धरायचा. मी गेले. वास रंगाचा नव्हता. एका टेबलाखाली वाकले तर वायरींसाठी सुताराने जागेवरच गोल भोकं पाडलेली. वरून लॅमिनेट चकचकीत, पण भोकाची कड बोडकी, बोट फिरवलं की भुसा हाताला लागत होता. अशी नव्वद टेबलं, शिवाय कपाटांच्या उघड्या पाठी. ही टेबलं पार्टिकल बोर्डची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची; तो बोर्ड ज्या युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंकाने बांधतात, त्यातून हा वायू महिनोन् महिने सुटत राहतो, उबदार आणि दमट हवेत तर जास्तच. रात्रभर एसी बंद, खिडक्या बंद, म्हणून सकाळी सगळ्यात वाईट. पुन्हा सॅम्पल घेतलं: ६१. कडांना टेप लावली, ताज्या हवेचा पंखा वाढवला, तरी दोन महिन्यांनी २९.

साहेब म्हणाले, "आपला रिपोर्ट त्या दिवसापुरता बरोबरच होता." या एका वाक्यावरून आमचं मी लॅब सोडेपर्यंत वाजत राहिलं. माझं म्हणणं एवढंच होतं की रिकाम्या हॉलमध्ये श्वास घ्यायला कोणी येत नाही, लोक येतात ते टेबलांबरोबर. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तिथे "सक्ती नाही" हे उत्तर होऊच शकत नाही. पुढे लीडच्या व्ही४ आवृत्तीने ती पळवाट बंद केली: टेबलं, पार्टिशनं लागलेली असलीच पाहिजेत. तुमचा प्रकल्प व्ही४ वर नोंदवलेला असेल तर तुमचा कन्सल्टंट तुम्हाला धडधडीत चुकीचं सांगतोय.

फ्लश-आउटलाही फर्निचर लागलेलंच हवं, आणि ते स्वस्त वाटतं, पण हिशेब करून बघा. दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा आत सोडायची. १२,००० चौरस फुटांना १६ कोटी ८० लाख घनफूट. पंखा १,५०० सीएफएमचा (मिनिटाला १,५०० घनफूट) असेल तर अखंड चालवून ७८ दिवस. त्यात आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. जुलैत हे करून दाखवा. जुन्या इमारतींत तर नुसते स्प्लिट एसी असतात, ते तीच हवा फिरवतात, बाहेरची आत आणतच नाहीत.

कोणी हातातलं पीआयडी मीटर (हवेतल्या रसायनांच्या वाफा जागेवरच मोजणारं यंत्र) घेऊन आला तर त्याच्या आकड्यावर फॉर्माल्डिहाइडचा निकाल लावू नका. त्यातल्या नेहमीच्या १०.६ ईव्ही ऊर्जेच्या दिव्याला हा वायू दिसतच नाही. त्याला डीएनपीएच हे रसायन भरलेलं कार्ट्रिज आणि लॅबच लागते. सोबत फील्ड ब्लँकचा, म्हणजे जागेवर नेलेल्या पण हवा न ओढलेल्या कार्ट्रिजचा, निकाल मागा. सॅम्पलच्या वेळी ताजी हवा रोजच्या कामाला असेल तेवढीच चालू ठेवा, आदल्या रात्री सगळ्या खिडक्या सताड उघडून नाही.

हे सगळं लीडबद्दल. आयजीबीसी किंवा गृह (GRIHA) या भारतातल्या मानांकनांसाठी अर्ज केला असेल तर त्यांच्या अटी वेगळ्या बघाव्या लागतील. आणि सगळंच पार्टिकल बोर्ड वाईट असं मी म्हणत नाही, कमी उत्सर्जनाचा बोर्ड मिळतो. टेबलं आली की एकाखाली वाकून भोकाची कड बघा. बोडकी असेल तर सुताराला त्याच दिवशी परत बोलवा, बिल चुकतं करायच्या आधी.