स्कॉटिश गायक-गीतकार बर्ट जान्श यांना ऐकायला सुरुवात कुठून करावी?

१९६५ चा 'बर्ट जान्श' हा पहिलाच अल्बम घ्या. १९४३ साली ग्लासगोत जन्मलेल्या, एडिनबरात वाढलेल्या जान्श यांच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारही नव्हती. उसनी गिटार घेऊन ध्वनिमुद्रण करणारे निर्माते बिल लीडर यांच्या लंडनमधल्या घरी, साध्या टेपरेकॉर्डरवर तो रेकॉर्ड झाला आणि ट्रान्सअटलांटिक कंपनीनं १०० पौंडांना घेतला. त्यातलं 'नीडल ऑफ डेथ' हेरॉइनपायी गेलेल्या मित्रावर आहे. शब्द अगदी साधे, पण काळजाला घरं पाडतात. मग १९६६ चा 'जॅक ओरायन' ऐका, त्यात पारंपरिक लोकगीतं आहेत. त्यांच्या 'पेंटँगल' बँडमधली, गिटारवादक जॉन रेनबर्न यांच्यासोबतची गिटारची जुगलबंदी तर मुळीच चुकवू नका! २००६ चा 'द ब्लॅक स्वान' हा शेवटचा स्टुडिओ अल्बम. २०११ मध्ये ते गेले.